‘जे’ कुठे गेला?

थर्मलच्या जर्नलमध्ये माझ्या डिझेल इंजिनाची एफिशियन्सी 117 टक्के आली होती. अख्ख्या विंगला हसायला विषय मिळाला. चूक साधी होती. डिझेलचं उष्मांक मूल्य किलोला 10,000 किलोकॅलरी, ते मी जुन्या पुस्तकातून उचललं आणि किलोज्यूल समजून सरळ सूत्रात टाकलं. 4.187 ने गुणायचं राहिलं. खरं उत्तर 28 टक्के!

त्या जुन्या पुस्तकात प्रत्येक सूत्रात एक ‘जे’ होता. मेट्रिकमध्ये 427, ब्रिटिश पद्धतीत 778. आमच्या नव्या पुस्तकात तो नाहीच. हा ‘जे’ गेला कुठे, हे शोधता शोधता मी जेम्स प्रेस्कॉट ज्यूलपर्यंत पोचलो.

हा गडी 24 डिसेंबर 1818 रोजी मँचेस्टरजवळच्या सॅलफर्डला जन्मला. घरची बिअरची भट्टी. कॉलेजचं तोंड पाहिलं नाही. पण शिकवणीला होते कोण, तर अणुसिद्धान्तवाले जॉन डाल्टन! भट्टीचा धंदा सांभाळत घरीच प्रयोग चालत. 1840 च्या सुमारास त्याने विद्युतप्रवाहाने तार किती तापते याचा नियम काढला, तोच आपला आय स्क्वेअर आर. मग डोक्यात बसलं ते एकच, की उष्णता आणि काम यांचा हिशेब एकच असला पाहिजे. त्या काळी बहुतेकांना उष्णता म्हणजे एक न दिसणारा द्रव वाटे. 1843 साली कॉर्कच्या सभेत त्याने आपला आकडा मांडला, कोणी फारसं लक्ष दिलं नाही. पुढच्या वर्षी रॉयल सोसायटीने त्याचा निबंध छापायला नकार दिला.

पठ्ठ्या थांबला नाही. पाण्याच्या भांड्यात पंखा बसवला, दोऱ्याला शिशाची वजनं बांधली. वजन खाली आलं की पंखा फिरणार, पाणी घुसळलं जाणार. वजन पुन्हा वर गुंडाळायचं, पुन्हा सोडायचं, असं वीस वेळा. एवढं करून पाणी तापायचं जेमतेम अर्धा अंश फॅरेनहाइट! आमच्या लॅबच्या थर्मामीटरवर एवढी वाढ धड वाचताही येणार नाही. त्याच्याकडे डान्सर नावाच्या कारागिराने बनवलेले थर्मामीटर होते, आणि अंशाचा दोनशेवा भाग वाचणारी नजर. मला वाटतं, ही नजर भट्टीतच तयार झाली असावी. तिथे तापमान चुकलं की सगळा घाणा वाया.

1847 ला ऑक्सफर्डच्या सभेत तरुण विल्यम थॉमसनने, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्विनने, त्याचं म्हणणं मनावर घेतलं आणि वारं फिरलं. 1850 मध्ये ज्यूलचा आकडा ठरला 772. म्हणजे एक पौंड पाणी एक अंश फॅरेनहाइटने तापवायला (हेच एक बीटीयू) 772 फूट-पौंड काम लागतं. आपल्या भाषेत, पाणी सुमारे 427 मीटरवरून पडलं आणि सगळी ऊर्जा त्यातच राहिली, तर ते एक अंश सेल्सिअसने तापेल. म्हणून होस्टेलच्या टाकीतून पडणाऱ्या पाण्याकडून गरम अंघोळीची आशा धरू नये.

1854 मध्ये बायको गेली, भट्टीही विकली. पुढे पैशांची ओढाताण झाली. 1878 मध्ये पुन्हा तोच प्रयोग करून त्याने 772.55 आकडा काढला. 1889 मध्ये पॅरिसच्या विद्युत परिषदेने ऊर्जेच्या एककाला त्याचं नाव दिलं, आणि त्याच वर्षी 11 ऑक्टोबरला तो वारला. पुढे 1948 मध्ये उष्णतेचं एककही ज्यूलच ठरलं. काम ज्यूलमध्ये, उष्णताही ज्यूलमध्ये, मग ‘जे’ ची किंमत झाली 1. ज्याच्यासाठी त्याने उभी हयात घालवली, तो आकडा सूत्रातून असा गळाला.

सेल गावात त्याच्या थडग्यावर मात्र 772.55 कोरलेलं आहे. मी एक फूट-पौंड म्हणजे 1.3558 ज्यूल धरून गुणाकार केला, तर बीटीयूला सुमारे 1047 ज्यूल आले. आजची किंमत 1055. पाऊण टक्क्याच्या आत! ते गणित मी जर्नलच्या मागच्या पानावर लिहिलं, पुढे 28 टक्के दुरुस्त केले आणि वही पुन्हा सबमिट केली.