मातोश्री अहिल्याबाई : भीतीच्या काळातला आधार

॥ श्री गुरवे नमः ॥



आपल्या परिवारातून एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. आम्ही रोज नाम घेतो, पोथी वाचतो, तरी संकटं यायची ती येतातच. रात्री-अपरात्री फोन वाजला की छातीत धस्स होतं. मग देवाचा आधार म्हणजे नेमकं काय? या वेळी आम्ही त्यावर प्रवचन करणार नाही, एका बाईची गोष्ट सांगतो. इंदूरच्या मंडळींना ती घरचीच आहे. राजवाड्यावरून जाताना नकळत हात जोडले जातात त्या मातोश्री अहिल्याबाई होळकर. श्रावण वद्य चतुर्दशी ही त्यांची पुण्यतिथी (उत्तरेकडच्या पंचांगात तो भाद्रपद येतो).

तळहातावर शिवपिंडी घेतलेलं त्यांचं चित्र आपण सगळ्यांनी पाहिलंय. चेहरा इतका शांत, की वाटावं यांना आयुष्यात काही कमी पडलंच नसेल. प्रत्यक्षात काय घडलं ते बघा.

जन्म १७२५ चा, नगरकडच्या चौंडी गावचा. वडील माणकोजी शिंदे. मल्हारराव होळकरांनी या मुलीला सून करून घेतलं. पुढे १७५४ मध्ये भरतपूरजवळच्या कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव तोफेचा गोळा लागून गेले. अहिल्याबाई तेव्हा तिशीच्याही आत, पदरात मालेराव आणि मुक्ताबाई ही दोन लेकरं. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे त्या सती जायला निघाल्या. म्हाताऱ्या सासऱ्यांनी अक्षरशः विनवण्या करून त्यांना मागे वळवलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचाच काटा रुतणार आहे.

मग सासऱ्यांनी सुनेला कारभार शिकवला. हिशेब, पत्रव्यवहार, फौजेची रसद, सगळं. १७६६ च्या मे महिन्यात मल्हारराव ग्वाल्हेरपासून फार दूर नसलेल्या आलमपूरला वारले. त्यांची छत्री आजही तिथे आहे, ग्वाल्हेरकरांनी सवडीने जाऊन यावं. गादी मालेरावांकडे आली, पण पोराचं चित्त ठिकाणावर नव्हतं. वर्षही पुरतं झालं नाही, तोच १७६७ मध्ये तेही गेले. नवरा, सासरा आणि आता एकुलता एक मुलगा.

सुतक फिटतंय न फिटतंय तोच दारात फौज! होळकरांचे दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांचा सल्ला होता की एखादं लहान मूल दत्तक घ्यावं आणि बाईंनी पूजाअर्चा करत बसावं. कारभार अर्थात दिवाणांच्या हाती राहिला असता. त्यांच्या चिथावणीवरून राघोबादादा फौजेनिशी क्षिप्रेच्या काठापर्यंत आले.

आता इथे जरा थांबू. श्रद्धाळू माणूस म्हणजे सगळं देवावर सोडून डोळे मिटून बसणारा, असा आपल्यातल्याही काही जणांचा समज असतो. मातोश्रींनी काय केलं? देवापुढे बसल्याच, पण त्याच दिवसांत पत्रंही सुटली. बडोद्याला गायकवाडांकडे, नागपूरकर भोसल्यांकडे, शिंद्यांकडे, आणि थेट पुण्यात माधवराव पेशव्यांकडे. तुकोजी होळकर फौज घेऊन सज्ज झाले. बायकांशी लढून जिंकलात तरी कीर्ती नाही आणि हरलात तर तोंड दाखवायला जागा नाही, अशा अर्थाचा निरोप बाईंनी दादासाहेबांना धाडल्याचं सांगतात. आपण तर केवळ सांत्वनाला आलो होतो, असं म्हणत दादासाहेबांनी माघार घेतली. माधवरावांनी बाईंच्या बाजूने कौल दिला: कारभार अहिल्याबाईंकडे, फौज तुकोजींकडे.

मल्हाररावांनी साठवलेल्या खजिन्यावर मातोश्रींनी तुळशीपत्र ठेवलं आणि तो धर्मकार्याला वाहिला. राजधानी नर्मदेकाठी महेश्वरला नेली. राज्य शंकराचं, आपण फक्त त्याच्या वतीने बघणारे, हा भाव त्यांनी नुसता मनात ठेवला नाही. हुकूम श्रीशंकराच्या नावाने सुटू लागले. आम्हाला वाटतं, त्यांची भीती इथेच सुटली असावी. जे आपलं नाहीच ते कोणी हिसकावून नेईल ही धास्ती कशाला? पण ज्याचं आहे त्याला हिशेब द्यायचाय, म्हणून कामात मात्र ढिलाई नाही.

त्यांचा दिवस कसा जाई, हे पुढे जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने माळव्यात चौकशी करून लिहून ठेवलंय. पहाटेच्या आधी उठणं, पूजा, पुराणश्रवण, दानधर्म, मग साधं जेवण. दुपारी दोनच्या सुमारास दरबार, तो संध्याकाळपर्यंत. पुन्हा पूजा, थोडा आहार, आणि रात्री नऊ ते अकरा परत कामकाज. अशी जवळजवळ तीस वर्षं! काशीविश्वनाथाचं आजचं मंदिर, गयेचं विष्णुपद मंदिर, सोमनाथाला जुन्या जागेजवळ बांधलेलं देऊळ, ही सगळी त्यांचीच कामं. यादी मोठी आहे, ती शाळेत पाठ केलेली असते, म्हणून इथे लांबवत नाही.

जी गोष्ट शाळेत फारशी सांगत नाहीत ती १७९१ ची. मुलीचा मुलगा नथ्याबा आधीच गेला होता. मग जावई यशवंतराव फणसे गेले आणि मुक्ताबाई सती जायला निघाली. मातोश्रींनी लेकीला परोपरीने विनवलं. जसं सासऱ्यांनी त्यांना विनवलं होतं, तसंच. सासऱ्यांचं त्यांनी ऐकलं होतं, लेकीने यांचं ऐकलं नाही. नर्मदेच्या घाटावर दोघा ब्राह्मणांनी धरून ठेवलेल्या मातोश्री उभ्या होत्या. ज्वाळा उठल्या तेव्हा त्यांचा धीर सुटला, त्यांनी किंकाळी फोडली, स्वतःचेच हात चावले. पुढे तीन दिवस अन्न नाही, तोंडातून शब्द नाही.

या प्रसंगात काही पुण्याचं होतं असं आम्ही म्हणणार नाही. ती चाल वाईटच होती, बंद झाली हे बरं झालं. आणि एवढी शिवभक्त बाई त्या दिवशी शांत राहिली नाही, हेही लपवायचं कारण नाही. रडू आलं म्हणजे आपली भक्ती कच्ची, असं मानून मनातल्या मनात कुढणारी माणसं आपल्या परिवारात आहेत. त्यांच्यासाठीच हे मुद्दाम लिहितोय.

तीन दिवसांनी मातोश्री उठल्या. लेकीच्या नावाने छत्री बांधायला सांगितली. पूजा पूर्वीच्या वेळी सुरू झाली आणि दरबारही. घरात आता पोटचं कोणी उरलं नव्हतं. तरी पुढची जवळपास चार वर्षं फिर्यादी ऐकल्या जात होत्या, हुकूम श्रीशंकराच्याच नावाने जात होते. १३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वरलाच त्यांनी देह ठेवला.

महेश्वरच्या वाड्यात आजही सकाळी काळ्या मातीची लहान लहान शिवलिंगं करतात, त्यांची पूजा होते आणि मग ती नर्मदेत सोडतात. आपल्यापैकी कोणी तिकडे जाणार असेल तर सकाळी लवकर पोचा, उन्हं वर आली की ते बघायला मिळत नाही.

जय गुरुदेव.