विश्लेषण : समुद्राची वेडीवाकडी रेघ उलगडणारे लॉर्ड केल्विन

पावसाळ्यात साडेचार मीटरपेक्षा उंच भरती कोणत्या दिवशी, किती वाजता येणार, हे मुंबईकरांना महिनाभर आधी कळते. अशी वेळापत्रके काढण्याची रीत बसवण्यात मोठा वाटा होता विल्यम थॉमसन यांचा. पुढे ते लॉर्ड केल्विन झाले. शाळेत आपण त्यांना तापमानाच्या एककामुळे ओळखतो, समुद्राशी त्यांचे नाते मात्र फारसे सांगितले जात नाही.

जन्म 1824 चा, बेलफास्टचा. वडील गणिताचे प्राध्यापक. कुटुंब ग्लासगोला आले आणि दहाव्या वर्षी विल्यम तिथल्या विद्यापीठात दाखल झाले. सोळाव्या वर्षी त्यांनी फुरिए या फ्रेंच गणितज्ञाचा ग्रंथ वाचून काढला. कितीही गुंतागुंतीची लय साध्या लयींच्या बेरजेत मांडता येते, हे त्यातले सूत्र त्यांना जन्मभर पुरले. बाविसाव्या वर्षी ते ग्लासगोत प्राध्यापक झाले आणि 53 वर्षे तिथेच राहिले. अटलांटिकखालच्या तारायंत्राच्या केबलने त्यांना समुद्रावर नेले. 1866 मध्ये ती केबल यशस्वी झाली आणि त्यांना ‘सर’ किताब मिळाला. 1870 मध्ये त्यांनी ‘लल्ला रूख’ नावाची शिडाची नौका घेतली.

खोली मोजायची कशी?

तेव्हा जाड दोराला शिशाचे वजन बांधून खोली मोजत. त्यासाठी जहाज थांबवावे लागे. थॉमसन यांनी दोराऐवजी पियानोची बारीक पोलादी तार वापरली आणि 1872 मध्ये बिस्केच्या उपसागरात तिची चाचणी घेतली. पुढे वजनासोबत वरून बंद केलेली काचनळीही जाऊ लागली. नळीला आतून लाल रसायनाचा लेप असे. खारे पाणी जिथवर चढे, तिथवर तो पांढरा पडे. दहा मीटर खोलीवर नळीतली हवा निम्मी होते, तीस मीटरवर पावच उरते. म्हणजे खुणेची उंची सरळ वाचून चालत नाही, तिचे खोलीत रूपांतर करणारी खास पट्टी लागते. ती जोडीला दिल्यामुळे गणित न येणारा खलाशीही चालत्या जहाजावरून उथळ पाणी ओळखू लागला.

भरतीच्या नोंदींचे काय?

बंदरात उभ्या नळकांड्यात तरंगता असतो. तो वरखाली होतो तशी घड्याळावर फिरणाऱ्या कागदावर पेन्सिल रेघ ओढते. तासातासाची उंची वाचली तर वर्षाला 8,760 आकडे होतात. नुसत्या आकड्यांवरून पुढच्या वर्षीची भरती सांगता येत नाही, कारण त्यात अनेक लयी मिसळलेल्या असतात. चंद्राची मुख्य लय सुमारे 12 तास 25 मिनिटांची, सूर्याची 12 तासांची. दोन्ही जुळल्या की उधाण, फटकल्या की भांग.

थॉमसन यांनी 1867 पासून ब्रिटिश असोसिएशनच्या समितीतर्फे या लयी सुट्या करण्याची रीत घडवली. आकडे चांद्र घड्याळाप्रमाणे मांडून सरासरी काढली की इतर लयी बऱ्याच अंशी एकमेकींना खोडतात आणि चंद्राची तेवढी उरते. मग दुसऱ्या लयीसाठी पुन्हा तेच. हे कंटाळवाणे काम एडवर्ड रॉबर्ट्स यांच्या देखरेखीखाली हाताने चाले. श्रेय वाटताना त्यांचे नाव मागे पडते, ते योग्य नाही.

सुट्या लयी पुन्हा जोडायला 1872-73 मध्ये यंत्र बनले. दहा लयींसाठी दहा कप्प्या, सगळ्यांवरून एकच तार आणि शेवटी पेन. हँडल फिरवले की सुमारे चार तासांत वर्षभराच्या भरती-ओहोटीचा आलेख कागदावर उतरे. 1879 मध्ये भारतातील बंदरांसाठी रॉबर्ट्स यांच्या देखरेखीत लंडनला आणखी मोठे यंत्र तयार झाले.

केल्विन चुकलेही. पृथ्वीचे वय त्यांनी फारच कमी धरले आणि त्यावर भूशास्त्रज्ञांशी वर्षानुवर्षे वाद घातला. भरतीचे गणित मात्र टिकले. 1907 मध्ये त्यांचे निधन झाले आणि वेस्टमिन्स्टर ॲबेत न्यूटनजवळ दफन झाले. 1944 च्या नॉर्मंडी चढाईसाठी भरतीच्या वेळा अशाच यंत्रांवर काढल्या गेल्या.

मुंबईत अपोलो बंदरावरच्या भरतीच्या नोंदी 1878 पासून मिळतात. त्या घेतल्या जहाजांसाठी. आज संशोधक त्यांतून भरती-ओहोटी वजा करतात आणि अरबी समुद्राची पातळी किती वाढली ते पाहतात.