बंदरावर अडवलेले विष

टोमॅटो केचपच्या बाटलीवर बारीक अक्षरांत ‘आयएनएस २११’ असे छापलेले आढळते. हे सोडियम बेंझोएट. अन्न टिकवणाऱ्या या रसायनावरून अमेरिकेत शंभरहून अधिक वर्षांपूर्वी मोठा वाद पेटला. तो पेटवणारे होते डॉ. हार्वे वायली.

इंडियाना राज्यातल्या शेतकरी घरात १८४४ मध्ये वायली जन्मले. १८७१ मध्ये वैद्यकीय पदवी मिळाली, पण ते रमले रसायनशास्त्रात. १८८३ मध्ये ते केंद्रीय कृषी खात्याचे मुख्य रसायनतज्ज्ञ झाले. त्या काळी दुधात फॉर्मल्डिहाइड, मांसात टाकणखार सर्रास मिसळला जाई. तो अपायकारक आहे, हे दाखवायला पुरावा हवा होता. १९०२ मध्ये त्यांनी बारा निरोगी तरुणांना खात्याच्याच इमारतीत जेवू घातले. जेवणाबरोबर ही रसायने मोजून दिली. वजन, नाडी, लघवी तपासली. काहींना मळमळ, पोटदुखी, डोकेदुखी सुरू झाली. आज असा प्रयोग कोणतीही नैतिकता समिती मंजूर करणार नाही, पण त्याने लोकमत जागे झाले.

३० जून १९०६ रोजी अन्न व औषध शुद्धता कायदा झाला. घातक आयात माल बंदरावरच अडवता येऊ लागला. मूळ देशात विक्रीला बंदी असलेला मालही नाकारता येई. निर्यातीला मात्र सवलत होती: परदेशी ग्राहकाच्या मागणीनुसार बनवलेला माल त्या देशाचा कायदा मोडत नसेल, तर तो भेसळीचा ठरत नसे. म्हणजे ज्या देशात कायदाच नाही, तिथला ग्राहक उघड्यावर.

बेंझोएटच्या बाबतीत वायली हरले. सरकारने नेमलेल्या शास्त्रज्ञांच्या मंडळाने ते अल्प प्रमाणात निर्धोक ठरवले. वायलींनी ते मानले नाही. १९१२ मध्ये राजीनामा दिला. १९३० मध्ये, कायद्याच्या वाढदिवशीच, ३० जूनला त्यांचे निधन झाले.

जागतिक व्यापार संघटनेचा १९९५ पासूनचा अन्नसुरक्षाविषयक करार प्रत्येक देशाला नागरिकांच्या आरोग्यासाठी आयातीवर बंधने घालू देतो. एक मुख्य अट अशी, की त्याला शास्त्रीय आधार हवा. पुरावा अपुरा असेल, तर तात्पुरते बंधन घालता येते. म्हणून स्वतःचा कायदा आणि सुसज्ज सरकारी प्रयोगशाळा नसलेला देश करारावर सही करूनही असुरक्षितच राहतो. वायलींच्या आयुष्याचा आपल्यासाठी अर्थ तोच.