साखरेचा माग काढणारी गर्टी

गर्टी कोरी हे नाव आपल्यापैकी किती जणींनी ऐकलंय? मी आर्ट्सची, त्यामुळे मलाही ते उशिराच कळलं. गर्टीचा जन्म १८९६चा, प्रागमधला. मुलींच्या शाळेत मेडिकलपुरतं लॅटिन, गणित शिकवतच नसत. तिनं ते वर्षभरात भरून काढलं. वर्गमित्र कार्लशी १९२० मध्ये लग्न झालं आणि १९२२ मध्ये दोघं अमेरिकेत बफेलोच्या कॅन्सर संस्थेत आली.

तिथं तिला तंबी मिळाली, नवऱ्याबरोबर संशोधन केलंस तर नोकरी जाईल. बाई ऐकते कसली!

कॅन्सरच्या पेशी अधाशासारखी साखर, म्हणजे ग्लुकोज ओढतात आणि लॅक्टिक आम्ल बाहेर टाकतात, हे जर्मनीच्या ओटो वारबुर्गनी प्रयोगशाळेत पाहिलं होतं. जिवंत शरीरातही तसंच होतं का? १९२५ मध्ये कोरी दांपत्यानं एका पंखात गाठ असलेल्या कोंबड्यांच्या दोन्ही पंखांतून परतणारं रक्त तपासलं. गाठीकडच्या रक्तात साखर कमी, आम्ल जास्त!

हे आम्ल यकृतात जाऊन पुन्हा साखर बनतं, हेही या दोघांनीच दाखवलं. म्हणून गोड तोडलं की गाठ उपाशी मरेल, असं समजून पेशंटचं जेवण तोडणाऱ्या घरांना मी हेच सांगते. साखर यकृतही बनवतं, खंगतो तो पेशंट.

१९३१ मध्ये सेंट लुईसला कार्ल प्रोफेसर झाले, गर्टी मात्र तुटपुंज्या पगारावर सहायक. प्रोफेसरपद मिळालं १९४७ मध्ये, आणि त्याच वर्षी नोबेलही! वैद्यकातलं नोबेल मिळवणारी ती पहिली स्त्री.

१९५२ मध्ये तिनं दाखवलं, की यकृतात साखर अडकून राहण्याच्या मुलांच्या एका आनुवंशिक आजारात एक एन्झाइमच नसतं. जनुकातला बिघाड साखरेच्या कारभारात उतरतो, तो असा. आता कॅन्सरचंही कळलंय. पी-५३ हे जनुक पेशीच्या साखर वापरण्यावर लगाम ठेवतं. ते बिघडलं की लगाम सुटतो, आणि त्या साखरेतूनच नव्या पेशींचा माल तयार होतो. पेट स्कॅनमध्ये गाठ चमकते ती या हावरेपणामुळेच.

नोबेलच्याच वर्षी गर्टीला अस्थिमज्जेचा असाध्य आजार निघाला. पुढची दहा वर्षं ती रक्त चढवून घेत प्रयोगशाळेत येत राहिली. चालवेना, तेव्हा कार्ल तिला उचलून नेत. १९५७ मध्ये ती गेली.