धावत्या वाटेवरचे सोबती : एमिल झाटोपेक

बी. ए., द्वितीय वर्ष

पहाटे पाचच्या सुमारास घुग्घुसच्या रस्त्यावर येणाऱ्याला दोन गोष्टी हमखास दिसतात. एक म्हणजे कोळशाने भरलेल्या ट्रकांची रांग आणि दुसरी म्हणजे त्या ट्रकांची धूळ चुकवीत, रस्त्याच्या कडेने धावणारी मुले-मुली. ही मुले हौसेने धावत नाहीत. ती पोलीस भरतीची तयारी करीत असतात. मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर, असा तो हिशेब असतो. मीही त्यांच्यापैकीच एक आहे.

अकरावीपासून मी आणि माझी एक मैत्रीण वर्धा नदीकडे जाणाऱ्या रस्त्याने रोज धावत असू. थंडीत अंगावर काटा यायचा, उन्हाळ्यात सूर्य उगवायच्या आधीच घामाने अंग निथळायचे. आम्ही वर्गात एकमेकींशी फारसे बोलत नसू, पण त्या रस्त्यावर मात्र बोललो नाही असे काही उरले नाही. घरी आईची तक्रार असे. नळाला पाणी यायच्या वेळी मी रस्त्यावर आणि बाबांच्या पहिल्या पाळीच्या डब्याला तिला कोणाचाच हात नाही. तिचे म्हणणे खरे होते, पण मला ते तेव्हा पटत नसे.

मागच्या भरतीत मैत्रिणीची निवड झाली आणि माझी थोड्या गुणांनी हुकली. ती पेढे घेऊन आली. मी तोंडदेखले अभिनंदन केले, पेढा हातात घेतला आणि ती गेल्यावर तो तसाच ताटलीत ठेवून दिला. त्यानंतर मी धावणेच सोडले. वाटले होते, आता घरच्या कामाला वेळ मिळेल, आई खूश होईल. झाले उलटेच. मी धाकट्या भावावर खेकसू लागले, आईला उलट उत्तरे देऊ लागले. शेवटी ज्या आईने तीन वर्षे माझ्या धावण्याला नावे ठेवली, तीच एके दिवशी मला पुन्हा धावायला जा म्हणाली. त्याच दिवसांत ग्रंथालयात एमिल झाटोपेक या धावपटूचे चरित्र माझ्या हाती लागले. वाचकहो, त्या माणसाविषयी मला आज सांगायचे आहे.

एमिलचा जन्म १९ सप्टेंबर १९२२ रोजी तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियातील कोप्रिवनित्से या गावी झाला. वडील सुतारकाम करीत. घरात खाणारी तोंडे पुष्कळ आणि मिळकत बेताची. त्यामुळे मिसरूड फुटायच्या आत तो झ्लिन शहरात बाटाच्या कारखान्यात कामाला लागला. ज्या बाटाचे काळे बूट घालून आपण शाळेत गेलो, तोच हा बाटा. अठरा वर्षांचा असताना कारखान्याच्या क्रीडाशिक्षकाने त्याला एका शर्यतीत उभे राहायला सांगितले. आपली प्रकृती अशक्त आहे, असे सांगून एमिलने सुटका करून घेण्याचा प्रयत्न केला. डॉक्टरने तपासून तो ठणठणीत असल्याचा निर्वाळा दिला. मग नाइलाजाने तो धावला आणि सुमारे शंभर मुलांत दुसरा आला.

त्याला धावण्याची गोडी लागली ती मात्र सोबत मिळाल्यावर. झ्लिनमध्ये यान हालुझा नावाचा एक नामांकित धावपटू होता. त्याने या नवख्या पोराला आपल्याबरोबर घेतले आणि धावण्याचे धडे दिले. पुढे एमिलने स्वतःची पद्धत बसवली. चारशे मीटर वेगाने धावायचे, मग थोडे सावकाश, पुन्हा चारशे मीटर वेगाने, असे कितीतरी वेळा. जगभरचे धावपटू आज हाच सराव करतात. सैन्यात गेल्यावर तो जड बुटांनिशी बर्फातूनही धावे. धावताना त्याचे तोंड असे वेडेवाकडे होई की पाहणाऱ्याला वाटावे, हा आता कोसळणार. पण कोसळत ते प्रतिस्पर्धी. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्याने १०,००० मीटरचे सुवर्णपदक आणि ५,००० मीटरचे रौप्यपदक जिंकले. त्याच वर्षी त्याचे डाना इंग्रोव्हा या भालाफेकपटू मुलीशी लग्न झाले. गंमत म्हणजे दोघांची जन्मतारीख आणि वर्षही एकच होते.

एमिल आपली सरावाची पद्धत कोणापासून लपवून ठेवीत नसे. त्याला अनेक भाषा येत आणि चालू शर्यतीतसुद्धा तो शेजारून धावणाऱ्याशी त्याच्या भाषेत बोले. १०,००० मीटरला पंचवीस फेऱ्या असतात. तेवढ्या फेऱ्या एकत्र मारल्यावर माणूस परका कसा राहील, असाच त्याचा खाक्या होता.

१९५२ साल उजाडले. हेलसिंकीच्या ऑलिंपिकला संघ निघायचा होता आणि स्टानिस्लाव युंगविर्थ या तरुण धावपटूचे नाव ऐनवेळी कापले गेले. कारण काय, तर त्याचे वडील राजकीय कैदी होते. एमिलने सांगून टाकले की युंगविर्थ जाणार नसेल तर आपणही जाणार नाही. ही साधी गोष्ट नव्हती. तो सैन्यातला अधिकारी होता, राज्य कम्युनिस्ट पक्षाचे होते आणि अशा हट्टापायी नोकरीच काय, स्वातंत्र्यही जाऊ शकत होते. शिवाय डानाही त्याच संघात होती. मित्रासाठी घेतलेल्या या निर्णयाची झळ तिलाही लागली असती. ठरलेले विमान त्या दोघांना मागे ठेवून उडाले. काही दिवसांनी वरिष्ठ नमले आणि दोघेही हेलसिंकीला पोहोचले. याच युंगविर्थने पुढे १९५७ साली १५०० मीटरचा जागतिक विक्रम केला.

हेलसिंकीत एमिलने जे केले ते त्यानंतर आजवर कोणाला जमलेले नाही. २० जुलैला १०,००० मीटर, २४ जुलैला ५,००० मीटर आणि २७ जुलैला आयुष्यातली पहिलीच मॅरेथॉन, अशी तीन सुवर्णपदके त्याने आठ दिवसांत मिळवली. मॅरेथॉनमध्ये तर त्याने जिम पीटर्स या विक्रमवीराला वाटेत गाठून, वेग फार होतोय का, असे भाबडेपणाने विचारले होते. त्याच हेलसिंकीत, त्याच आठवड्यात, २३ जुलैला आपल्या कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. खाशाबा पुढे पोलीस खात्यात गेले, म्हणून आमच्या भरतीच्या मुलांना त्यांचे नाव विशेष जवळचे वाटते.

२४ जुलैला एमिलने ५,००० मीटर जिंकले आणि थोड्याच वेळाने डानाची भालाफेक सुरू झाली. नवऱ्याचे ताजे पदक तिने शुभशकुन म्हणून आपल्याजवळ घेतले आणि ५०.४७ मीटर भाला फेकून सुवर्णपदक जिंकले. आपल्या विजयाचीच स्फूर्ती तिला मिळाली, असे एमिल गमतीने बोलून गेला. डाना चिडली. तसे असेल तर दुसऱ्या एखाद्या मुलीला स्फूर्ती देऊन पाहा, ती पन्नास मीटर फेकते का, असे तिने त्याला सुनावले. मला हा प्रसंग फार आवडतो. सोबत कितीही मोलाची असली, तरी घाम ज्याचा त्यानेच गाळलेला असतो, हे डानाने बरोबर दाखवून दिले.

आता अलँ मिमूनविषयी सांगते. अल्जीरियात जन्मलेला हा धावपटू फ्रान्सकडून धावे. १९४८, १९५० आणि १९५२ या वर्षांच्या मोठ्या शर्यतींत तो पुन्हा पुन्हा एमिलच्या मागे दुसरा आला. इतक्या वेळा हरवणाऱ्याचे तोंडही पाहू नये, असे एखाद्याला वाटले असते. या दोघांची मात्र घट्ट मैत्री जमली. १९५६ साली मेलबर्नच्या मॅरेथॉनमध्ये मिमून अखेर पहिला आला. एमिल काही काळापूर्वीच्या हर्नियाच्या शस्त्रक्रियेमुळे मागे पडला होता. मिमून पदकाचा आनंद बाजूला ठेवून अंतिम रेषेपाशी त्याची वाट पाहत थांबला. एमिल सहावा आला. मित्र जिंकल्याचे कळताच त्याने टोपी काढून त्याला सलाम केला आणि मिठी मारली. पदकापेक्षा ती मिठी मोठी होती, असे मिमूनने पुढे जन्मभर सांगितले. हे वाचताना मला ताटलीतला तो पेढा आठवला आणि लाज वाटली.

१९६६ साली ऑस्ट्रेलियाचा रॉन क्लार्क प्रागला आला. त्याच्या नावावर ढीगभर विक्रम होते, पण ऑलिंपिकचे सुवर्णपदक नव्हते. निरोप देताना एमिलने त्याच्या हातात एक लहानशी पुडी ठेवली. विमान उडाल्यावर क्लार्कने ती उघडली. आत एमिलचे १९५२ चे १०,००० मीटरचे सुवर्णपदक होते.

पण एमिलला देव्हाऱ्यात बसवायचे नाही. राजवटीने त्याच्या पहिल्या गुरुमित्राला, हालुझाला, राजकीय कारणावरून वर्षानुवर्षे कैदेत टाकले, त्या काळात एमिल त्याच राजवटीचा लाडका वीर म्हणून मिरवला जात होता. १९६८ च्या प्राग वसंतात मात्र तो उघडपणे सुधारणावाद्यांच्या बाजूने उभा राहिला आणि सोव्हिएत रणगाडे शहरात शिरल्यावर लोकांसमोर बोलला. त्याची किंमत त्याला मोजावी लागली. सैन्यातून आणि पक्षातून त्याला काढून टाकले. जगज्जेता धावपटू जमिनीत भोके पाडणाऱ्या भूगर्भ तपासणीच्या टोळीत मजूर झाला. आपल्याकडे कोळसा शोधायला बोअरिंगच्या गाड्या येतात, त्यांच्यावरचे लोक घर सोडून कसे राहतात हे आपण पाहतो. एमिल तसाच आठवडेच्या आठवडे डानापासून दूर राहिला. त्याच्या निर्णयाचे ओझे तिनेही वाहिले. अखेर १९७१ साली त्याने आपली आधीची मते मागे घेतल्याचे जाहीर केले आणि काही मित्र कायमचे दुखावले. डाना मात्र त्याच्या सोबत राहिली. १९९० साली सरकारने त्याला त्याचा मान परत दिला. नोव्हेंबर २००० मध्ये त्याचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या संसाराला बावन्न वर्षे झाली होती.

चरित्र मिटले तेव्हा दोन गोष्टी माझ्या मनात पक्क्या झाल्या. पहिली अशी की, बरोबर धावणाऱ्याचे यश आपल्या वाट्यातून कापून घेतलेले नसते. भरतीच्या यादीत जागा मोजक्या असतात हे खरे. पण तीन वर्षे माझ्या शेजारून ती धावली नसती, तर यादीच्या जवळपासही मी पोहोचले नसते. दुसरी गोष्ट अशी की, ही मैत्री रस्त्यावरच संपत नाही, ती आपल्या मागोमाग घरात येते. तिच्यासाठी लागणारा वेळ घरातल्या कोणाकडून तरी उसना घेतलेला असतो, आणि माझ्या बाबतीत तो आईकडून घेतला होता. त्या मैत्रीने आलेला हुरूप घरात वाटला, तर ते उसने फिटते. मी ती मैत्री तोडली तेव्हा आईला तिचा वेळ परत मिळाला, पण मुलगी मिळाली नाही.

मी मैत्रिणीला फोन केला. ती प्रशिक्षणात होती. फार बोलणे झाले नाही, पण पेढ्याचे मी सांगून टाकले आणि ती हसली. सुट्टीत आली तेव्हा आम्ही पुन्हा नदीकडच्या रस्त्याने धावलो. आता तिचा दम माझ्यापेक्षा कितीतरी वाढला आहे. परत आल्यावर मी पाणी भरले, डब्याच्या पोळ्या लाटल्या आणि मग पुस्तक उघडले.

पुढच्या भरतीचे काय होईल ते होवो. हल्ली पहाटे साडेचारला मला उठवायला गजर लागत नाही. आईच उठवते.