गायनाचार्य पं. विष्णु दिगंबर पलुस्कर : पुण्यस्मरण

॥ श्रीराम समर्थ ॥

रामनामाचा महिमा मुखाने सांगणारे पुष्कळ झाले. तो सुरांतून घरोघरी पोहोचविणारे थोडे. त्या थोड्यांतील अग्रगण्य म्हणजे कै. पं. विष्णु दिगंबर पलुस्कर. आम्हां ग्वाल्हेरकरांना त्यांच्याविषयी विशेष आपलेपणा वाटतो, कारण त्यांचे गुरु बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांनी येथीलच वासुदेवबुवा जोशी यांच्याकडून विद्या मिळविली होती. येथून दक्षिणेस गेलेली ही गंगा पलुस्करांनी पुन्हा उत्तरेत आणली.

पंडितजींचा जन्म 18 ऑगस्ट 1872 रोजी, नारळी पौर्णिमेच्या दिवशी, कुरुंदवाड येथे झाला. वडील दिगंबरपंत कीर्तनकार, त्यामुळे हरिकथेचे संस्कार पाळण्यापासूनचे. बालपणी दत्तजयंतीच्या उत्सवात फटाक्याने डोळ्यांस इजा झाली व दृष्टी कायमची अधू झाली. शालेय शिक्षण थांबले. मिरज संस्थानच्या आश्रयाने ते बाळकृष्णबुवांकडे गाणे शिकू लागले.

मिरजेतच त्यांच्या आयुष्याला वळण देणारा प्रसंग घडला. एका समारंभाचे निमंत्रण त्यांना आले, गुरुजींना मात्र नाही. गवयाला कशाला बोलवायचे, अशा आशयाचे उत्तर मिळाले, असे सांगतात. स्वतःचा मान झाला यापेक्षा गुरूंचा झाला नाही हे शल्य त्यांना अधिक बोचले. 1896 साली त्यांनी राजाश्रय सोडला आणि बडोदे, ग्वाल्हेर असा प्रवास करीत ते पुढे पंजाबात पोहोचले.

5 मे 1901 रोजी लाहोर येथे त्यांनी गांधर्व महाविद्यालय स्थापिले. त्यामागे कोणा राजाची तिजोरी नव्हती. सारा भार लोकांच्या देणग्यांवर व पंडितजींच्या जलशांच्या उत्पन्नावर. उपदेशक वर्गातील विद्यार्थ्यांची राहण्याजेवण्याची व्यवस्था विद्यालयच करी, आणि त्या बदल्यात विद्यार्थ्याने कित्येक वर्षे शिक्षण सोडायचे नाही असा करार असे. शिस्त फार कडक होती. आजच्या पालकांना ती बहुधा मानवली नसती. गाणे म्हणजे हलकी करमणूक, हा समज पुसण्यासाठी त्यांनी शृंगारिक चिजांच्या जागी भक्तिपर पदे योजिली, स्वरलेखनपद्धती तयार केली, पाठ्यपुस्तके छापली. कुलीन स्त्रियांनाही गायनाची वाट मोकळी केली.

1908 मध्ये मुंबईस विद्यालय निघाले. पुढे स्वतःची इमारत झाली, पण कर्ज काढून. ते फिटेना, आणि 1924 साली इमारतीचा लिलाव झाला. आयुष्याची कमाई डोळ्यांदेखत गेली. तत्पूर्वीच, 1922 मध्ये, त्यांनी नाशिकला रामनाम आधाराश्रम स्थापिला होता. आता भगवी वस्त्रे, तुलसीरामायणावरील प्रवचने आणि अखंड नामस्मरण हाच त्यांचा दिनक्रम झाला. हा पराभव होता असे काही लेखक मानतात. आम्हांस तसे वाटत नाही. कीर्तनकाराचा मुलगा आपल्या मूळ घरी परतला, इतकेच. वृत्तीचा ताठपणा मात्र तोच राहिला. 1923 च्या काकिनाडा काँग्रेसमध्ये अध्यक्षांनी हरकत घेतली असताही त्यांनी वंदे मातरम् पूर्ण गायिले. ‘रघुपति राघव’ या धुनेची सर्वपरिचित चालही त्यांचीच मानली जाते.

21 ऑगस्ट 1931 रोजी मिरजेत त्यांनी देह ठेवला. त्यांची अनेक अपत्ये बालपणीच गेली होती. मागे राहिलेला मुलगा दत्तात्रेय तेव्हा अवघा दहा वर्षांचा होता. इमारत गेली तरी शिष्य होते. त्यांनी त्याच वर्षी गांधर्व महाविद्यालय मंडळ उभारले. ओंकारनाथ ठाकूर पुढे काशी हिंदू विश्वविद्यालयात संगीताचे प्रमुख झाले. विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास यांनी गुरुपुत्राला गाणे शिकविले, आणि अशा रीतीने वडिलांची विद्या फिरून मुलाच्या कंठी आली. तेच पं. द. वि. पलुस्कर. तेही 1955 मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी गेले. त्यांची रामभजने आम्ही पहाटे काकडआरतीपूर्वी मंदिरात लावतो.