धर्मानंद कोसंबी : शंभर वर्षांपूर्वी पोरांना घेऊन अमेरिकेत राहायला गेलेला गोव्याचा माणूस

आज पुण्या-मुंबईतल्या कुठल्याही सोसायटीत विचारा, एखादं तरी घर असं निघतंच ज्यांची मुलं-नातवंडं अमेरिकेत आहेत. तिथली थंडी, तिथली शाळा, घरात मराठी आणि बाहेर इंग्रजी, हे सगळं आपल्याला व्हॉट्सॲपवरच्या फोटोंमुळे पाठ झालंय.

पण गोष्ट १९१८ सालची असेल तर?

तेव्हा अमेरिकेला जायचं म्हणजे आठवडेच्या आठवडे बोटीचा प्रवास. पत्राचं उत्तर यायला महिने. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये गेल्या त्या एकट्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले तेही एकटे. अशा काळात गोव्यातल्या एका खेड्यातून आलेला माणूस आपली १९ वर्षांची मुलगी आणि ११ वर्षांचा मुलगा घेऊन हार्वर्ड विद्यापीठाच्या गावात राहायला गेला. शिकायला नाही, तर तिथल्या विद्वानांचं अडलेलं काम पुरं करून द्यायला.

या माणसाचं नाव धर्मानंद कोसंबी.

आधी घर सोडलं ते एकट्याने

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ चा, गोव्यातल्या साखवाळ गावचा. गोवा तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात. घरी माडांची बागायत होती, शाळा मात्र बेताचीच झाली. चौदाव्या-पंधराव्या वर्षी बाळाबाईंशी लग्नही झालं. चार लोकांसारखा संसार करायचा, बागायत बघायची, एवढंच समोर दिसत होतं.

पण वाचनाचा नाद होता. मराठी पुस्तकं आणि मासिकं मिळतील तशी वाचताना गौतम बुद्धाचं चरित्र हाती आलं आणि हा तरुण त्यात अडकला. बौद्ध धर्म मुळातून शिकायचा असं त्याने ठरवलं. अडचण एकच होती. तो शिकवणारं जवळपास कुणी नव्हतं.

१८९९ मध्ये मुलगी झाली, माणिक. त्याच वर्षाच्या शेवटी धर्मानंदांनी घर सोडलं. पुण्यात डॉ. रा. गो. भांडारकरांना भेटले, मग काशीला जाऊन अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. तिथून नेपाळ, बोधगया, कलकत्ता आणि शेवटी सिलोन. सिलोनमध्ये सुमंगलाचार्यांकडे दीक्षा घेऊन ते पाली शिकले, पुढे ब्रह्मदेशातही राहिले. सिंहली आणि ब्रह्मी लिपीतल्या पोथ्या त्यांना वाचता येऊ लागल्या.

या सगळ्यात सात वर्षं गेली. तेवढा काळ बाळाबाई लहानग्या माणिकला घेऊन गोव्यात होत्या. नवरा परत येईल की नाही, याची खात्री देणारं कुणी नव्हतं.

१९०६ मध्ये धर्मानंद परतले, संसारात आले आणि कलकत्त्यात पाली शिकवू लागले. ३१ जुलै १९०७ ला मुलगा झाला, दामोदर. घरात त्याला बाबा म्हणत. पुढे बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी महाराष्ट्रात राहून लिहिण्यासाठी महिना ५० रुपये देऊ केले. ही रक्कम कलकत्त्याच्या पगारापेक्षा कमी होती. तरीही आपल्या माणसांत, आपल्या भाषेत काम करायला मिळेल म्हणून त्यांनी ती स्वीकारली.

हार्वर्डला त्यांची गरज का पडली?

इथे एक पुस्तक समजून घ्यायला हवं. त्याचं नाव ‘विसुद्धिमग्ग’. पाचव्या शतकात बुद्धघोष नावाच्या आचार्याने सिलोनमध्ये पाली भाषेत लिहिलेला हा ग्रंथ. शील, समाधी आणि प्रज्ञा या तीन पायऱ्यांनी बौद्ध साधना कशी करायची, ते यात सांगितलंय.

हार्वर्डचे अभ्यासक हेन्री क्लार्क वॉरन यांनी या ग्रंथाची शुद्ध प्रत तयार करायला घेतली होती. म्हणजे वेगवेगळ्या पोथ्या शेजारी ठेवायच्या, कुठे कुठला शब्द वेगळा आहे ते बघायचं आणि मूळ पाठ कोणता असेल ते ठरवायचं. ग्रंथात आलेली वचनं मूळ कुठली, तेही शोधायचं. १८९९ मध्ये वॉरन वारले आणि काम अर्धवट राहिलं.

ते पुरं करण्यासाठी पाली आणि त्या लिप्या पोटात मुरलेला माणूस हवा होता. हार्वर्डचे प्राध्यापक जेम्स वुड्स भारतात आले असताना त्यांची धर्मानंदांशी ओळख झाली होती. त्यातून १९१० मध्ये धर्मानंद पहिल्यांदा अमेरिकेला गेले, एकटेच.

तिथे काम झालं, पण वाद पण झाला. ग्रंथमालेचे संपादक चार्ल्स लॅनमन यांना संपादक म्हणून नाव वॉरन यांचंच ठेवायचं होतं. धर्मानंदांचं म्हणणं होतं की काम केलंय तर नावही हवं. तोडगा निघेना, तेव्हा १९१२ मध्ये ते सरळ भारतात निघून आले. मग सहा वर्षं फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवलं. महाराष्ट्रात पालीच्या अभ्यासकांची एक पिढी तिथे तयार झाली.

१९१८ मध्ये हार्वर्डचं बोलावणं पुन्हा आलं. या वेळी जाताना त्यांनी माणिक आणि दामोदरला सोबत घेतलं. बाळाबाई आणि धाकट्या मुली मात्र भारतातच राहिल्या.

एकाच घराच्या आता दोन चुली झाल्या. एक इथे, एक अमेरिकेत.

केंब्रिजमधलं घर

हार्वर्ड विद्यापीठ ज्या गावात आहे त्याचं नाव केंब्रिज. चार्ल्स नदीच्या एका काठाला बॉस्टन, दुसऱ्या काठाला केंब्रिज. हिवाळ्यात इथे बर्फ साचतो. गोव्याच्या आणि पुण्याच्या हवेत वाढलेल्या माणसांना हा मोठाच बदल.

त्यात वेळही कठीण होती. महायुद्ध त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये संपलं. इन्फ्लुएंझाची साथ बॉस्टनमध्येही होती आणि इकडे मुंबई-पुण्यातही. शिवाय १९१७ मध्ये अमेरिकेने नवा कायदा करून आशियातल्या बहुतेक भागांतून येणाऱ्या मजुरांना दार बंद केलं होतं. प्राध्यापक, विद्यार्थी अशा थोड्यांना त्यातून सूट होती.

घरातल्या तिघांच्या तीन वाटा होत्या.

वडील दिवसभर पोथ्यांत. आदल्या फेरीत अर्धवट सोडलेलं काम पुन्हा हातात घेतलेलं. धर्मानंद फक्त धर्मग्रंथ वाचणारे नव्हते. अमेरिकेत असताना त्यांनी समाजवादावरची पुस्तकं वाचली, रशियन भाषाही शिकायला घेतली. पुढे १९२९ मध्ये ते रशियात लेनिनग्राडला जाऊन बौद्ध विद्येचं काम करून आले, त्याची तयारी अशी आधीच झाली होती.

माणिक रॅडक्लिफ कॉलेजात शिकायला लागली. हार्वर्डचे वर्ग तेव्हा मुलींना खुले नव्हते. म्हणून शेजारीच मुलींसाठी रॅडक्लिफ होतं आणि हार्वर्डचेच प्राध्यापक तिथे येऊन शिकवत. ती शिकत असतानाच १९२० मध्ये अमेरिकेतल्या बायकांना देशभर मतदानाचा हक्क मिळाला. तिची आई लहान वयात लग्न होऊन सासरी आली होती. मुलगी आता अमेरिकेत पदवीचा अभ्यास करत होती. एका पिढीत एवढं अंतर पडलं होतं.

आणि दामोदर? अकरा वर्षांच्या मुलाला आधी एक वर्ष तिथल्या ग्रामर स्कूलमध्ये घातलं. मग १९२० मध्ये तो केंब्रिज हाय अँड लॅटिन स्कूलमध्ये गेला. शाळेच्या नावातच लॅटिन. हा मुलगा पुढे ग्रीक, लॅटिन, फ्रेंच, जर्मन, इटालियन अशा भाषा वाचणारा झाला, त्याचा पाया इथला.

पण तो नुसता पुस्तकी किडा नव्हता. केंब्रिजच्या बॉय स्काउट पथकात तो दाखल झाला. मोठेपणी पुण्याच्या आसपासच्या टेकड्या पायी तुडवत दगडी हत्यारं गोळा करणारे कोसंबी सर ज्यांनी पाहिले, त्यांना या स्काउटचं नवल वाटलं नसतं.

वडिलांच्या ओळखीतून आणखी एक दोस्ती जमली. हार्वर्डमध्ये लिओ वीनर नावाचे प्राध्यापक होते. त्यांचा मुलगा नॉर्बर्ट वीनर म्हणजे लहान वयात विद्यापीठात गेलेला हुशार गडी, पुढे सायबरनेटिक्स या शाखेचा जनक. त्याच्याशी दामोदरची मैत्री झाली. गणिताच्या जगातली एवढी मोठी ओळख त्याला घरबसल्या मिळाली.

परत जाताना मुलगा मागे

१९२२ मध्ये माणिक पदवीधर झाली. धर्मानंदांनी परतायचं ठरवलं. गांधीजींनी काढलेल्या अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठात त्यांना काम करायचं होतं.

पण दामोदरची शाळा अजून बाकी होती. मधूनच काढून भारतात आणलं तर सगळं नव्याने सुरू करावं लागणार. शेवटी वडील आणि बहीण परत आले, आणि पंधराव्या वर्षी दामोदर शाळा पुरी करायला तिथेच राहिला. अकराव्या वर्षी आई दुरावली होती, आता वडील आणि बहीणही.

परदेशी स्थायिक झालेल्या घरांना हा पेच आजही नवीन नाही. परत जायचं तर मुलांचं शिक्षण मोडतं, राहायचं तर मागची माणसं वाट बघतात. कोसंबींच्या घरात दोन्ही गोष्टी एकदम घडल्या.

शाळेच्या शेवटच्या परीक्षेत दामोदरचे गुण इतके चांगले होते की हार्वर्डची प्रवेश परीक्षाच त्याला माफ झाली. १९२४ मध्ये नाव घातलं, पण शिक्षण थांबवून तो भारतात आला आणि वडिलांकडे अहमदाबादला राहिला. जानेवारी १९२६ मध्ये बापलेक पुन्हा अमेरिकेला गेले. वडील साधारण दीड वर्ष राहिले. मुलगा १९२९ मध्ये हार्वर्डमधून सर्वोच्च श्रेणीत पदवी घेऊन बाहेर पडला.

हेच पुढचे डी. डी. कोसंबी. बनारस, अलिगढ, फर्ग्युसन आणि मग टाटा मूलभूत संशोधन संस्था अशा ठिकाणी त्यांनी गणित शिकवलं आणि संशोधन केलं. जुन्या नाण्यांची वजनं करून त्यांवर गणित मांडलं. १९५६ मध्ये त्यांचं भारतीय इतिहासावरचं पुस्तक आलं आणि राजे-लढायांच्या पलीकडे नांगर, जमीन, जाती-जमाती यांतून इतिहास वाचायची पद्धत रुळली. पुण्यात राहून डेक्कन क्वीनने मुंबईला नोकरीला जाणारे म्हणूनही लोक त्यांना ओळखत.

आणि त्या ग्रंथाचं काय झालं?

धर्मानंद १९३१-३२ मध्ये चौथ्यांदा हार्वर्डला जाऊन आले. त्याआधी १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात त्यांनी तुरुंगही पाहिला होता. १९३७ मध्ये मुंबईत परळच्या कामगार वस्तीत बहुजन विहार उभा राहिला, तिथे राहून ते साध्या माणसांना बुद्ध सांगत. ‘भगवान बुद्ध’ हे त्यांचं मराठी पुस्तक आजही वाचलं जातं.

शेवटच्या काळात तब्येत खालावली. आपल्याकडून आता काम होत नाही, मग इतरांवर भार कशाला, असं त्यांच्या मनाने घेतलं. वर्ध्याजवळ सेवाग्राम आश्रमात त्यांनी अन्न सोडलं आणि ४ जून १९४७ ला देह ठेवला. स्वातंत्र्य दोन महिन्यांवर आलं होतं. गांधीजींनी दिल्लीतल्या प्रार्थनासभेत त्यांची आठवण काढली.

ज्या ‘विसुद्धिमग्ग’साठी चार वेळा समुद्र ओलांडला, त्याची हार्वर्डची आवृत्ती १९५० मध्ये बाहेर आली. त्यावर वॉरन यांच्यासोबत धर्मानंद कोसंबी हे नाव होतं. ज्या नावासाठी ते १९१२ मध्ये काम सोडून आले होते, ते छापलेलं बघायला ते हयात नव्हते.

केंब्रिजमधलं ते घर फक्त चार वर्षं टिकलं. त्यातून गोव्याची एक मुलगी अमेरिकेची पदवी घेऊन आली आणि भारताला एक गणिती व इतिहासकार मिळाला. या हिशेबात बाळाबाईंचं नाव सहसा येत नाही. आधी सात वर्षं नवऱ्याची आणि मग किती तरी वर्षं मुलाची वाट बघत मागचं घर त्यांनी धरून ठेवलं. कोसंबी बापलेकांचं कौतुक वाचताना त्यांचीही आठवण ठेवायला हवी.